बदलून दिलेल्या माद्या

मासा हातात आला की मी आधी त्याला उताणा करतो. दुकानात पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस माशाचा जीव घेऊन राहिलाय. तसं काही नसतं. ओल्या फडक्यात मासा अलगद धरायचा, पोट वर करायचं आणि पोटाखाली शेपटीच्या अलीकडे जी दोन छिद्रं असतात त्यातलं मागचं बघायचं. बारीक आणि टोकदार असलं तर नर, रुंद आणि गोलसर असलं तर मादी. मासा वयात आलेला पाहिजे, नाहीतर काहीच दिसत नाही. हे सगळं करताना तो पाण्याबाहेर असतो, म्हणून मासा उचलला की मी माझाही श्वास धरून ठेवतो. मला दम लागला की त्याला पाण्यात सोडायचा, मग दिसलेलं असो नाहीतर नसो. वय वाढलं तसा माझा दम कमी पडायला लागला. त्यात माशांचा फायदाच झाला.

नांदेडला माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. आता ते मुलगी बघते. मी कडेला खुर्ची टाकून बसतो आणि तिला नको असलेले सल्ले देतो. आमच्या घरात पूर्वी अत्तराचा धंदा होता, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. मी माशांचं दुकान काढतो म्हटल्यावर वडिलांनी विचारलं होतं, "खाने के या देखने के?" देखने के, असं सांगितल्यावर त्यांनी अम्मीकडे असं पाहिलं, की पोराच्या डोक्याचं काहीतरी बघायला पाहिजे. पुढे दुकान चाललं, तेव्हा तेच पाहुण्यांना हाताला धरून टाक्या दाखवायला आणायचे.

आठवड्यातला एक दिवस मी लातूरकडे जायचो. व्हॅनमध्ये नळ्या, बादल्या, फिल्टरचे स्पंज आणि झाकणाच्या डब्यांत मासे. लातूर, रेणापूर, मुरुड, अशी गिऱ्हाइकं लागलेली होती. त्यांच्या टाक्या साफ करायच्या, दुखणंखुपणं बघायचं, चहा प्यायचा आणि पुढे निघायचं.

गोल्डफिश आणि गप्पी कुणीही विकतो. माझा खास माल म्हणजे मोठे सिक्लिड. ऑस्कर, टेक्सास, ग्रीन टेरर आणि या सगळ्यांत भांडकुदळ तो फ्लॉवरहॉर्न. हे मासे वीतभर नाहीतर त्याहून मोठे होतात, खाऊ घालणारा माणूस ओळखतात आणि आपल्या टाकीत दुसरा मासा सहन करत नाहीत. फ्लॉवरहॉर्न तर जगातल्या कुठल्याच नदीत सापडत नाही. माणसानं वेगवेगळ्या जाती मिसळून तो तयार केला. त्याच्या कपाळावर मोठं टेंगूळ येतं आणि लोक त्या टेंगळात नशीब बघतात. टेंगूळ जितकं मोठं तितका मालक खूश. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, सराफाच्या गादीमागे, ढाब्याच्या काउंटरवर, मी सगळीकडे ही टेंगळं पोचवली आहेत.

टेंगूळ आहे म्हणजे नर आहे, असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा ते खरंही निघतं. पण देगलूरच्या एका कापड दुकानदाराचा मला भर बाजारच्या दिवशी फोन आला. "रफीकभाई, घात झाला, अण्णानं अंडी घातली हो!" अण्णा हा त्यांचा मासा. त्यांनी तो दुसऱ्याच कुणाकडून घेतला होता आणि सर्व्हिसिंगसाठी माझ्या गळ्यात बांधला होता. मी गेलो, तर टाकीतल्या फरशीवर खरंच अंडी, आणि अण्णा तिथं कंबर कसून पहाऱ्याला उभा. शेठजींचा चेहरा उतरलेला. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मग नशिबाचं कसं? मादीला चालतं का?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "लक्ष्मी कोण असती मग?" माशाचं नाव मात्र शेवटपर्यंत अण्णाच राहिलं.

या माशांना पाणी फार लागतं. खातात भरपूर, घाण करतात भरपूर, त्यामुळे दर आठवड्याला टाकीतलं बरंच पाणी काढून नवीन भरावं लागतं. नांदेडात गोदावरी आहे, तिथं हे कुणाला जड जात नाही. लातूरकडे उन्हाळ्यात जड जातं. लातूरच्या एका शिक्षिकाबाईंकडे फार देखणा ऑस्कर होता. त्या हातानं त्याला गांडूळ भरवायच्या. एका वाईट उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "घेऊन जा याला. बाहेर टँकरपुढं बाया घागरी घेऊन उभ्या राहतात आणि मी इथं माशाचं पाणी बदलते. मला लाज वाटते." मी नेला. माझ्या दुकानात त्यानं तोंडाला अन्न लावलं नाही आणि तो गेला. बाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी पुन्हा मासा पाळला नाही. मला त्या ऑस्करचं अजून वाईट वाटतं, आणि बाईंचं त्याहून जास्त.

आता रेणापूरची गोष्ट. खरंतर तीच लिहायला बसलो होतो, पण दुकानदाराला आधी बाकीचा माल दाखवायची सवय असते.

रेणापुरात बालाजीचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि मागे घर. शेतीही आहे. घरात तो, त्याची आई गयाबाई आणि बायको अर्चना. अर्चना मुरुडची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बालाजीनं माझ्याकडून एक फ्लॉवरहॉर्न नेला. लालभडक रंग आणि डोक्यावर हे एवढं टेंगूळ. गयाबाईंनी त्याचं नाव सरपंच ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "डोकं मोठं अन् दिवसभर काम काय न्हाई." पण त्या हंगामात दुकान चांगलं चाललं आणि सगळं श्रेय सरपंचाला मिळालं. मग तो घरातला कर्ता पुरुष झाला. पाहुणा आला की आधी त्याचं दर्शन, मग चहा.

कर्त्या पुरुषाचं खाणंपिणं, पाणी बदलणं, काच पुसणं हे सगळं अर्चनाकडे होतं. मी तिला एकदाच शिकवलं. पुढच्या खेपेला गेलो तर टाकी माझ्या दुकानातल्या टाकीपेक्षा स्वच्छ. मी कमी गिऱ्हाइकांचं कौतुक करतो, तिचं केलं.

मग बालाजीच्या मनात आलं की सरपंचाची पिल्लं काढावी. त्यासाठी मी एक मादी दिली. या माशांची जोडी लावणं म्हणजे जोखमीचं काम. एकत्र सोडली तर नर मादीला मारून टाकतो. म्हणून टाकीच्या मधोमध मोठ्या भोकांची जाळी उभी करायची, एकीकडे नर, एकीकडे मादी, आणि जाळीला चिकटून मादीच्या बाजूला एक फरशी ठेवायची. मादी फरशीवर अंडी घालते, नराचं बीज जाळीतून पोचतं. फळलेलं अंडं मधाच्या रंगाचं राहतं. न फळलेलं एकदोन दिवसांत पांढरं पडतं आणि त्याला बुरशी धरते.

सरपंचाच्या शेजारच्या मादीनं फरशी भरून अंडी घातली आणि ती सगळी पांढरी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. मी गेलो तेव्हा गयाबाई वाटच बघत होत्या.

"भाई, ही मादी वांझ हाय. बदलून द्या."

"मावशी, अंडी घालतीय म्हणजे वांझ कशी?"

"मग पांढरी का पडत्यात?"

हा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. फ्लॉवरहॉर्नमधले कितीतरी नर नापीक असतात. जाती मिसळून बनवलेला मासा, त्यात हे होणारच. रंग झकास, टेंगूळ मोठं, रुबाब तर विचारू नका, पण पिल्लं होत नाहीत. मात्र हे गिऱ्हाइकाला सांगायची आमच्यात रीत नाही. नर म्हणजे नशीब, त्यासाठी त्यानं हौसेनं पैसे मोजलेले असतात. तुमचा नर नापीक आहे म्हटलं की माणूस ते स्वतःवर घेतो. त्यामुळे अख्ख्या धंद्यात एकच चाल आहे, मादी बदलून द्यायची. मी पाणी पाहिलं, जाळीची भोकं पाहिली, खाणं विचारलं. सगळं ठीक होतं. मादी बदलून दिली.

परत आणलेली मादी मी दुकानात बिनडोक्याजवळ ठेवली. बिनडोक्या म्हणजे माझा एक जुना नर. त्याला टेंगूळ जवळजवळ नव्हतंच, रंग उडालेला, एका बाजूचा कल्ला वाकडा. कुणी गिऱ्हाईक त्याच्याकडे वळून बघत नसे. पण पिल्लांच्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडला नव्हता. रेणापुरात वांझ ठरलेल्या मादीला त्याच्यापासून ढीगभर पिल्लं झाली. ही बातमी मी बायकोला सांगितली. तिनं भाजी चिरता चिरता मान वर केली. "सर बड़ा है ना सरपंच का. बड़े सर वाले से कौन पूछता जी?"

रेणापूरची दुसरी मादीही पांढरी अंडी घालायला लागली. त्या दिवशी मी तिथं टाकी साफ करत होतो. आमच्या कामात एक गंमत आहे. माणसाचा हात कोपरापर्यंत टाकीत असला की घरातले लोक तो माणूस तिथं नाही असंच समजतात. मी भाऊबंदकीच्या वाटण्या ऐकल्या आहेत, पळून गेलेल्या पोरींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. त्या दिवशी गयाबाई बालाजीला सांगत होत्या, "अजून किती दिस बघायचं? लातूरच्या दवाखान्यात नेऊन नेऊन पाय दुखले. तिला मुरुडला पोचवून येऊ. नात्यातली एक पोरगी हाय बघण्यात."

बालाजी म्हणाला, "डॉक्टर म्हणत हुते, माझी बी तपासणी करा."

"तुला काय धाड भरली? माझ्या लेकाला न्हाई न्यायचं दवाखान्यात. लोक काय म्हणतील?"

अर्चना दारात बादली घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि मी ऐकलं हेही तिनं पाहिलं होतं. मला फार राग आला. कुणाच्या घरात बोलायचा मला हक्क नव्हता, पण माशाबद्दल बोलायचा होता. मी हात पुसून म्हणालो, "मावशी, मागची मादी वांझ नव्हती. माझ्याकडं तिला पिल्लं झाली."

"व्हय, झाली असतील," गयाबाई म्हणाल्या. "तुमच्या नांदेडचं पाणी गोदावरीचं. आमचं बोअरचं, खारं. ज्या मादीला ह्या पाण्यात पिल्लं हुतील अशी द्या."

बोअरचं पाणी जड असतं हे खरं. त्यानं इतकं होत नाही, पण हे त्यांना पटवायचं कसं? मी दुसरी मादीही बदलून दिली आणि वाटेत व्हॅनमध्ये स्वतःशीच चरफडत राहिलो.

तिसरीचंही तेच झालं. मी गेलो तेव्हा गयाबाईंनी डबा आधीच पुढं आणून ठेवला होता. मी जाळं टाकीत घातलं, तेवढ्यात अर्चना म्हणाली, "भाई, थांबा. ह्या वेळेला मादी हितंच राहू द्या. नर बदलून बघा."

गयाबाईंनी कपाळावर हात मारला. "सरपंचाला घालवतीस? घराचं नशीब हाय ते!"

"त्याला कुठं घालवायचं न्हाई, आत्याबाई. त्यो हाय तिथंच ऱ्हाईल. ओसरीवर जुनी टाकी रिकामी हाय. भाई त्यांच्याकडचा नर आणतील. मादी हीच, फरशी हीच, अन् पाणी आपल्याच बोअरचं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण खारं पाणी, गोड पाणी हा वाद असा एका वाक्यात मिटवायचं मला सुचलं नव्हतं. गयाबाईंनाही नाही म्हणायला जागा उरली नाही. सरपंच तर घरातच राहणार होता. "बघा काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी बिनडोक्याला घेऊन गेलो. त्याला बघून बालाजीला हसू आवरेना. "भाई, ह्यो काय मासा हाय? ह्याच्यापेक्षा आमच्या ओढ्यातला बरा." गयाबाई तर म्हणाल्या, "ह्याला ओसरीवर ठेवलं तर पाहुणे काय म्हणतील?" शेवटी टाकीच्या पुढच्या काचेवर जुनी चादर टाकायचं ठरलं. मी मधोमध जाळी उभी केली, फरशी ठेवली, आणि बाकीचं अर्चनाला सांगायची गरज नव्हती.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. बिनडोक्याचं वय झालेलं होतं, व्हॅनमध्ये एवढा प्रवास झालेला, पाणी बदललेलं. तो नेमका याच वेळी कमी पडला असता तर अंडी पुन्हा पांढरी पडली असती, आणि मग अर्चनानं त्या घरात कुठल्या तोंडानं राहायचं? माझी एक मादी परत आली असती, एवढंच माझं नुकसान. तिचं नुकसान मोजता येण्यासारखं नव्हतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. "भाई, अंडी घातली हायत. परवा घातली. अजून पिवळीच हायत."

"बुरशी?"

"दोन-चार पांढरी हायत कडंला. बाकी समदी पिवळी. अन् आत काळा काळा ठिपका दिसायलाय."

तो ठिपका म्हणजे पिल्लाचा डोळा. हे मी तिला सांगितलं. तिनं लगेच फोन ठेवून दिला.

मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ओसरीवरची चादर कुणीतरी काढून टाकलेली होती. पिल्लं फरशीवरून उठून पोहायला लागली होती, टाकीच्या कोपऱ्यात त्यांचा थवा हलत होता. शेजारच्या बाया बघून गेल्या होत्या. गयाबाई चष्मा लावून टाकीपुढं बसल्या होत्या. बालाजी दुकानातून जेवायला आला होता. हात धुऊन झाले होते, पण तो पानावर बसला नव्हता, खांबाला टेकून उभा होता. अर्चना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून पिल्लांना घालत होती. मादी तीच, फरशी तीच, पाणीही त्याच बोअरचं. कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी दुकानदारासारखं बोललो. "मावशी, सरपंचाला परत नेतो. दुसरा नर देतो, असाच देखणा."

"नगं," गयाबाई लगेच म्हणाल्या. "राहू द्या त्याला. त्यात त्याचा काय दोष?"

अर्चनाचा हात थांबला. तिनं वळून पाहिलं नाही, आवाजही चढवला नाही.

"मग त्या दोघींचा काय होता, आत्याबाई? बदलून दिल्या त्यांचा?"

गयाबाईंनी चष्मा काढला आणि खाली बघून पदरानं पुसायला घेतला. मी नजर दुसरीकडे वळवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की या वेळी माझा हात टाकीत असता तर बरं झालं असतं.

बालाजी खांबापासून पुढं आला आणि टाकीपुढं उकिडवा बसला. त्यानं पिल्लांकडे पाहिलं, मग वाकड्या कल्ल्याच्या त्या माशाकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

"लातूरला दवाखान्यात कवा जायचं?" त्यानं विचारलं. आईला नाही, बायकोला.

"माझ्या समद्या तपासण्या झाल्यात," अर्चना म्हणाली.

"तुझ्या न्हाई. माझ्या."

गयाबाईंनी मान वर केली नाही. पण नको म्हणाल्या नाहीत.